मागं चालणारा

रात्रपाळीची लाईट यायला अजून वेळ होता. कालव्याच्या कडेला, मोटारीच्या खोलीपाशी चार-पाच पोरं पाचट पेटवून शेकत बसली होती. पौषातली थंडी, त्यातून पाण्याची कड. शोएबच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर समुद्र.

"बघा की आबा, फळीवर उभं राह्यलंय बेणं. लाटंवर!"

हौशीराम आबांनी मफलर सारखा केला आणि मान पुढं काढून बघितलं. लाट उठली, पांढरी झाली, फुटली. वाऱ्यानं सुरूची झाडं एका अंगाला झुकली होती. वाळूवर मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या.

"सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी हाय, आमी सगळी जाणार कोकणात. तुमी बी चला. तुमाला बी फळीवर उभं करतू."

पोरं खिदळली. आबा हसले नाहीत. पाचटाची एक मूठ त्यांनी जाळात सारली.

"असल्याच किनाऱ्याला गेलं व्हतं," ते म्हणाले, "आमच्या साडूचं पोरगं."

हसणं तिथंच थांबलं. मल्हारचं नाव गावात सहसा कुणी काढत नसे.

"जायचं तर जावा. मी कोण अडीवणार? पण त्याच्या बापानं, म्हस्कूनं, मला सांगितलं ते ऐकून जावा. पदरचं एक अक्षर घालत न्हाई. त्या गावाचं नाव तेवढं इचारू नका, न्हाईतर लगीच लोकेशन टाकाल."

आणि आबा सांगू लागले.

*

गेल्या भाद्रपदातली घातचतुर्दशी, अपघाती गेलेल्यांच्या श्राद्धाची. वार शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. तांबडं फुटायच्या आत म्हस्कू सुभानच्या जीपमध्ये बसला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बायकोनं, कुशाबाईनं, भाकरीचं गाठोडं बांधून दिलं होतं. गाठोडं हातात घेतल्यावर त्याच्या वजनावरूनच म्हस्कूला कळलं. जाणारे दोघं होते, भाकरी तिघांच्या होत्या.

त्यानं ते मांडीवर घेतलं. वर्षभर त्या घरात असंच चाललं होतं.

म्हस्कूचा बाप जातिवंत मेंढका. दिवाळी झाली की तीनशे मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायचा आणि पाऊस लागायच्या आत माघारी यायचा. म्हस्कूनंही ऐन उमेदीत ती पायपीट केली. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, स्लॅबचं घर झालं. आता दारात डझनभर मेंढरं, ती पण सवय सुटत नाही म्हणून. इतक्या वेळा कोकणात जाऊनही समुद्र मात्र त्यानं जवळून कधी पाहिला नव्हता. मेंढरं खाऱ्या वाऱ्याला तोंड देत नाहीत, म्हणून मेंढकाही तिकडं फिरकत नाही. एखाद्या निवळ दिवशी घाटमाथ्यावरून लांब एक पांढरी रेघ दिसायची. तेवढाच त्याचा समुद्र.

मेंढरं हाकायची या लोकांची एक रीत आहे. एक माणूस पुढं चालतो, एक मागं. पुढच्यानं हाळी द्यायची आणि वळून न बघता चालत राहायचं. मागं बघायला मागचा आहे ना! लंगडं, दमलेलं, काटेरी झुडपात अडकलेलं सगळं गोळा करत आणायचं ते मागच्यानं. संध्याकाळी पुढचा मेंढवाड्याच्या ताटीपाशी उभा राहतो, आत शिरणाऱ्या एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवतो आणि सगळी आली की ओरडतो, "भरलीऽऽ!" तोवर मागच्यानं आत पाऊल टाकायचं नाही. 'भरली' ऐकलं की मग तो बाहेरच्या दगडावर टेकतो, पायातलं काढतो, पाणी पितो. त्याचा दिवस संपला.

मल्हार पाच वर्षांचा असल्यापासून मागं चालायचा. पुढं तो कुरकुंभच्या एमआयडीसीत लागला. पण शिफ्ट सुटली की कंपनीचा निळा शर्ट अंगात तसाच ठेवून मेंढरांमागं जायचा. पोरं चिडवायची, "आलं बघा, सुपरवायजर मेंढरांचं!" तो हसायचा. 'भरली' ऐकल्याशिवाय दगडावर टेकायचा नाही.

तीच सवय त्याला नडली.

आदल्या वर्षी गणपती उठल्यावर कंपनीतली सहा पोरं कोकणात गेली होती. तो किनारा उघडा, वाऱ्याचा, मोठ्या लाटांचा. सगळी पाण्यात उतरली. ओढ लागायला लागल्यावर एकेक जण बाहेर आला. मल्हार सगळ्यांत शेवटी. वाळूवर येऊन त्यानं वळून मोजलं, तर एक कमी. ते बिहारी पोरगं, ज्याला पोहता येत नव्हतं. मल्हार परत पाण्यात शिरला.

आणि ते पोरगं सुरूच्या झाडांमागं घरी फोन लावत उभं होतं.

दहाव्या दिवसाच्या सुमारास ते पोरगं म्हस्कूच्या दारात आलं आणि उंबऱ्यावर डोकं टेकून रडलं. "चाचा, मैं तो बाहर था... वो मुझे ही ढूँढ रहा था..." म्हस्कूनं त्याला उठवलं, पाणी पाजलं. कुशाबाईनं त्याला जेवायला वाढलं. पण पोलिसांनी, होडीवाल्यांनी आठवडाभर शोधूनही मल्हार सापडला नाही, तेव्हा भटजी म्हणाले की पिठाची बाहुली करून दिवसकार्य उरकता येईल. तर कुशाबाई ताडकन उठली.

"मेल्याचं करत्यात. माझा मेलेला कुणी बघितला?"

त्या दिवसापासून तिनं मेंढवाड्याची ताटी बांधू दिली नाही. मोनिका, धाकटी लेक, रात्री गुपचूप बांधून यायची. ही उठून सोडायची. "मागचा यायचाय अजून." उसात बिबट्या. एक कोकरू गेलं, मग एक मेंढी गेली. म्हस्कू रात्र-रात्र ताटीपाशी बॅटरी घेऊन बसायचा. कुशाबाई अर्धी भाकरी खायची आणि अर्धी झाकून ठेवायची. बघता बघता लुगड्यात नुसती काठी राहिली.

वर्ष भरत आलं. सर्वपित्रीला मल्हारचं पान वाढायचं की नाही, असा प्रश्न भावकीनं काढला. सगळे म्हस्कूकडं बघायला लागले आणि कुशाबाई त्याच्याकडं.

"पोलिसांनी हाका मारल्या," ती म्हणाली. "होडीवाल्यांनी मारल्या. तुमच्या साडूनं मारल्या. पुढचा माणूस तुमी. तुमी कवा मारली?"

  फोन आला त्या दिवशी म्हस्कू जागचा उठलाच नव्हता.

"एकडाव जावा. हाक मारा. आला न्हाई तर सर्वपित्रीला मी माझ्या हातानं पान वाढीन."

म्हणून तो निघाला होता.

*

"माझ्या नानाची जीप?" शोएबनं मध्येच विचारलं.

"तुझ्या नानाचीच. घरी जाऊन इचार त्याला. सांगायचा न्हाई, पण इचार."

*

ताम्हिणीचा घाट उतरून ते दुपार कलल्यावर तिथं पोचले. गाव छोटं. गल्ल्यांत माशांचा वास, दारादारांत जाळी. डाव्या हाताला होड्या, बर्फाच्या पेट्या, लिलावाचा गलका. उजव्या हाताला तो मोठा उघडा किनारा. फळ्या भाड्यानं देणाऱ्यांचं खोपट वाऱ्यानं फडफडत होतं. दोन गोरी पोरं फळ्या काखेत घेऊन पाण्याबाहेर येत होती. म्हस्कू वाळूच्या कडेला उभा राहिला. वारा असा की डोक्याचा पटका हातानं धरावा लागला. हे एवढं पाणी. ह्यात एक माणूस शोधायचा म्हणजे...

"सुभान, रानाला बांध असतो रं. ह्याला बांधच न्हाई."

"चल, आधी दोन घास खाऊ," सुभान म्हणाला.

दोघांनी दोन वाटण्या खाल्ल्या. तिसरी गाठोड्यात तशीच राहिली.

जवळच एक म्हातारी होडीच्या सावलीत जाळं सांधत बसली होती. सरूबाई तिचं नाव. घोंगडी, काठी, पटका बघून तिनं विचारलं, "घाटावरचे का? मेंढरं कुठं ठेवलीत?"

"मेंढरं न्हाईत. पोरगं हुडकायला आलोय."

तिचा हात थांबला. "गेल्या सालचा? निळ्या सदऱ्याचा?"

म्हस्कूनं मान हलवली. तिनं जाळ्याची गाठ आवळली. मग सुतळी दातानं तोडत म्हणाली, "हाक मारायला आला असाल. समदे येतात. पण दिवे लागल्यावर दर्याकडं तोंड करून नाव नाय घ्यायचं. आमच्यात घेत नायत. माझा घरधनी गेला त्याला तेरा वरसं झाली. उजव्या पायानं लंगडायचा. मी एकदा पण नाव घेतलं नाय."

"का?"

"नाव घेतलं की त्याला उभं राह्यला लागतं. यायला तर येत नाय. मग नुसतं उभं करून काय करायचं?"

वारा शिडांच्या दोऱ्या होड्यांच्या बांबूंवर आपटत होता. सरूबाईनं आवाज उतरवला.

"एक सांगते. तुमच्या पोराचं असल-नसल. गेल्या सालापासून आमच्या होड्या रातच्याला परत येतात ना, तेव्हा मागून आवाज येतो. अंधारात. जिभेनं काढल्यासारखा... ट्च, ट्च, हुर्रर्र... कुणीतरी मागून हाकल्यासारखं. एक होडी लांब राहिली की जास्तच येतो. आमच्याकडं असा आवाज कोण काढत नाय. पोरं म्हणतात, वारा आहे."

म्हस्कू खाली बसला. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो आवाज त्यानंच पोराला शिकवला होता.

*

दिवस बुडाला. ओहोटी होती, पाणी लांब मागं सरकलं होतं आणि ओली वाळू काचेसारखी पसरली होती. फळीवाले गेले. गावात एकेक दिवा लागला. सुभान गावाबाहेर लावलेल्या जीपपाशी थांबला.

म्हस्कू ओल्या वाळूवर चालत गेला. पाण्यापासून थोडा अलीकडं थांबला. सरूबाईचा शब्द मोडायचा नव्हता. नाव घ्यायचं नाही. मग हाक कशी मारायची? त्याच्याजवळ दुसरी एकच हाक होती. उभ्या जन्मात रोज संध्याकाळी मारलेली.

त्यानं तोंडाला हात लावला.

"हाऽऽ... ले ले लेऽऽ... हाऽऽ..."

वाऱ्यानं ती उचलली आणि समुद्रावर नेली.

काही नाही. लाटा येत होत्या, जात होत्या. त्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली.  तिसऱ्यांदा दिली.

वारा थांबला.

दिवसभर एक क्षण न थांबलेला वारा... थांबला.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. ती हाळी एकट्याला मारायची नसते. ती सगळ्या कळपाला असते.

वाळू चेपली. समोर, दहा हातांवर. एक खड्डा. पावलाएवढा. त्यात पाणी साचलं. मग दुसरा. पाण्यातून वर येत होती पावलं... नुसती पावलं. वर माणूस नव्हता.

एकाची नव्हती.

रुंद, फाकलेल्या बोटांची. कोळ्यांची. अरुंद, बुटांची. एक फार छोटी जोडी, दुसरीच्या अगदी कडेनं. एक जोडी अशी, की डावं पाऊल खोल आणि उजव्याची नुसती फरफट.

म्हस्कूला पळायचं होतं. पण कळप अंगावर येत असताना पुढच्यानं पळायचं नसतं. तो उभा राहिला. ती सगळी त्याच्या दोन्ही अंगांनी फुटली, मेंढरं फुटतात तशी. गार ओलं काहीतरी त्याच्या पोटऱ्यांना घासून गेलं. पुन्हा. पुन्हा. खारट वास... आणि श्वास. कितीतरी श्वास. ती त्याच्या पाठीमागं जाऊन दाटीनं थांबली.

कोण तरी ताटी उघडेल म्हणून थांबतात तशी.

म्हस्कूनं समोर बघितलं. फेसाच्या रेघेत कोणी उभं होतं. गुडघाभर पाण्यात. अंधारात रंग दिसत नव्हता. पण दोन्ही हात थोडे पसरलेले. आणि मान वळवून मागं, पाण्याकडं बघत होतं ते. उजवीकडं. डावीकडं. कुणी राहिलं का... बघत होतं.

म्हस्कूच्या ओठांवर नाव आलं. त्यानं ते गिळलं. एकट्याला बोलावलं असतं तर तो आला नसता. वर्षभर आला नव्हता. आता पाणी रिकामं झालं होतं.

ट्च. ट्च.

हुर्रर्र...

म्हस्कू वळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसलं नाही. काठी टेकली आणि गावाकडं चालू लागला. मागं न बघता.

मागं पावलं. ओल्या वाळूवर. मग कोरड्या वाळूवर. मग डांबरावर... ओली, चप-चप. त्या सगळ्यांच्या मागून, लांबून, जिभेचा तो आवाज.

पहिलं घर आलं. एक चाल थांबली. दाराकडं वळली. आतला कुत्रा भुंकला नाही. गेला कोपऱ्यात. दुसरं घर. दोघं वळले. गल्लीत कुणी बाहेर नव्हतं, टीव्ही चालू होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि एकेक चाल आपापल्या दाराशी जाऊन विरत होती.

शेवटून तिसरं घर सरूबाईचं. दार उघडं होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. फरफटत चालणारं पाऊल तिच्या पायरीशी थांबलं. म्हस्कूनं तिचा आवाज ऐकला. हळू. नेहमीचा असावा तसा.

"पाय धुवा. पाणी ठेवलंय."

तो थांबला नाही. थांबता येत नव्हतं.

गावाबाहेर एसटीचा थांबा. उरलेल्या पावलांतली बहुतेक तिथं थांबली. बुटांची. त्या छोट्या जोडीची. ती लांबून आलेली होती. त्यांचं दार तिथं नव्हतं. शेडखाली बाकड्यापाशी ती दाटीवाटीनं उभी राहिल्याचा आवाज झाला... आणि मग काहीच नाही. म्हस्कूला वाटलं, वळावं, विचारावं, बाबांनो, कुठल्या गावचे. पण त्याला एकच रस्ता माहीत होता.

आता मागं एकच चाल उरली होती.

जीपपाशी सुभान उभा होता. त्यानं म्हस्कूकडं बघितलं, मग म्हस्कूच्या मागं, आणि नजर खाली घातली. ओठ हलत होते. कुराणातली आयत पुटपुटत होता.

"मागचं दार उघड सुभान."

सुभाननं उघडलं. थोडा वेळ गेला. जीप मागून किंचित दबली.

"लावू?"

"लाव."

*

पाचटाचा जाळ खाली बसला होता. कुणी नवी मूठ टाकली नाही.

"आबा... ती थांब्यावरची..." एकाला पुढं बोलवेना.

"कुणाला ठावं," आबा म्हणाले. "म्हस्कूला अजून त्यांच्यापायी झोप येत न्हाई. त्याचं पोरगं त्यानं आणलं. त्यांना न्यायला कोण गेलं का?"

*

घाटात सुभान एकदाच बोलला. "मागं लई गार झालंय."

"आसू दे."

"आरशात..."

"बघू नगं. मागच्याकडं बघायचं नसतं."

पुणं मागं गेलं, पाटसचा टोलनाका गेला. झुंजूमुंजू व्हायला जीप वस्तीवर पोचली. कुशाबाई ताटीपाशी उभी होती. रात्रभर तिथंच असावी. म्हस्कू उतरला, मागचं दार उघडलं आणि न बघता पुढं चालू लागला. कुशाबाईनं आला का म्हणून विचारलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागं बघत राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिची नजर गाठोड्यावर आली.

"खाल्ली न्हाई व्हय?"

"घरी खाईल," म्हस्कू म्हणाला.

मेंढरं जागी होती. सगळी उभी. एकही ओरडत नव्हतं. म्हस्कू ताटीपाशी आपल्या जागी उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं.

'भरली' म्हटलं की मागच्याचं काम संपतं. मग त्यानं मागं चालायचं नसतं. त्या दिवशी किनाऱ्यावर ते त्याला सांगायला कुणी नव्हतं. आज म्हस्कू होता, तर त्याच्यानं सांगवेना.

"अहो," कुशाबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा मऊ झालेला त्यानं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "म्हना की. दमलाय त्यो."

म्हस्कूनं ओळीनं एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवला. शेवटच्या पाठीवरचा हात उचलला.

"भरलीऽऽ!"

उसातून पाखरं उठली. परत बसली.

मेंढरांनी माना वळवल्या. सगळ्यांनी एकदम. ताटीबाहेरच्या त्या दगडाकडं. आणि बघत राहिली... माणूस चप्पल काढून, पाणी पिऊन, उठून जाईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

कुशाबाईनं ताटी ओढली. वर्षानंतर पहिल्यांदा तिनं आपल्या हातानं दोरीची गाठ मारली. मग ती घरात गेली. दुपारी तिनं मल्हारचं पान वाढलं, खीर, वडे, त्याची आवडती आळूची भाजी. वाढताना ढसाढसा रडली. वर्षभर रडली नव्हती. रात्री ती पोटभर जेवली.

*

मोटारीच्या खोलीतला बल्ब पेटला. लाईट आली होती. पोरं उठली, पण कुणाला घाई नव्हती. शोएबनं मोबाइल कधीच खिशात घातला होता.

"म्हंजी मग सगळं झालं ना आबा? मोकळा झाला ना त्यो?"

"झाला असंल," आबा म्हणाले. "ताटी रोज बांधत्यात. बिबट्या परत आला न्हाई. तेवढं त्या दगडाचं..."

"काय दगडाचं?"

आबा उठले. मफलर कानावर घेतला आणि बांधाबांधानं घराकडं निघाले.

पाणी देता देता पहाट झाली. परतताना पोरांची वाट म्हस्कूच्या वस्तीवरून होती. घर झोपलेलं. ताटी घट्ट बांधलेली. तिच्या फटींतून मेंढरांनी माना बाहेर काढल्या होत्या आणि ती बाहेरचा दगड चाटत होती. खरखर, खरखर, जिभांचा आवाज येत होता. चाटून चाटून दगडाला मधोमध खळगा पडला होता.

पोरं थोडी लांबच थांबली. शोएब पुढं झाला. दगड कोरडा होता. समुद्र तिथून दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब. त्यानं दगडावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

मग तो मागं सरला, आणि दर्ग्याच्या पायरीशी काढतात तशी आपली ओली चप्पल काढून हातात घेतली.